जोरदार क्लच कसा निवडावा : कर्जत-खालापूर तालुक्यांतील होतकरूंसाठी

ज्यांनी गाडीचा रिमॅप करून घेतला आहे, सायलेन्सर बदलला आहे, बोनेटवर काळं स्टिकर चिकटवलं आहे आणि आता चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा पळतो पण गाडी काही पळत नाही, अशा तरुणांसाठी हे मार्गदर्शन आहे. ज्यांनी फक्त स्टिकर चिकटवलं आहे त्यांना क्लच बदलण्याची गरज नाही. त्यांनी सरळ शेवटच्या परिच्छेदाकडे जावं. तिथेही त्यांच्यासाठी काही नाही.

पायरी पहिली. क्लच खरोखर घसरतोय का, ते बघा. भल्या पहाटे सपाट, मोकळा रस्ता गाठा. गाडी वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर चालू द्या आणि एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. काटा आणि वेग हातात हात घालून वर गेले तर क्लच ठीक आहे, घरी जा. काटा उडी मारून वर गेला आणि वेग जागेवरच राहिला तर प्लेट घसरतेय. तरीही लगेच फोन काढून ऑर्डर देऊ नका. आधी मिस्त्रीला इंजिनाचा मागचा ऑइल सील बघायला सांगा. तो गळत असेल तर तेल थेट प्लेटवर येतं, आणि तेलात भिजलेली प्लेट कितीही महागाची असली तरी घसरणारच. अशा गाडीत परदेशी क्लच बसवला तर तोही तितक्याच आत्मीयतेने घसरतो. जुन्या मारुतीसारखी केबलवाली गाडी असेल तर केबल फार ताणून बसवली आहे का, तेही बघा. पेडलला खेळच नसेल तर क्लच पूर्ण बसतच नाही.

सील कोरडा निघाला, केबल ठीक निघाली, तर संशयित एकच उरतो : तुमचा डावा पाय. तो पेडलवर विश्रांती घेतो का, हे शेजारी बसलेल्या माणसाला विचारा. स्वतःला विचारून उपयोग नाही.

इथे थोडं विषयांतर, पण ते केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एखाद्या शनिवारी नेरळहून माथेरानच्या रस्त्याने दस्तुरी नाक्यापर्यंत जा. त्यापुढे माथेरानात मोटारींना बंदीच आहे, त्यामुळे तुमचा सायलेन्सर ऐकवायची हौस तिथवरच. वाटेत तीव्र वळणांवर मुंबईच्या गाड्या रांगेत उभ्या दिसतील. हँडब्रेक न ओढता, अर्ध्या क्लचवर इंजिन घोंघावत ठेवून गाडी चढावर धरायची, ही त्यांची पद्धत. दोन वळणांत वास येतो. प्रवाशांना वाटतं जंगलात कोणी काहीतरी जाळतंय. त्याच रांगेतून नेरळची ओम्नी टॅक्सी निघून जाते. ७९६ सीसीचं इंजिन, आत माणसं कोंबलेली, डोक्यावर बॅगा, आणि क्लच कंपनीचा. ओम्नीचं उत्पादन २०१९ साली थांबलं, पण ती चालवणाऱ्याचा पाय अजून उत्पादनात आहे. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर बेताचा, क्लच एकदाच आणि पूर्ण सोडलेला. तुमच्या यादीतला सगळ्यात स्वस्त अपग्रेड हा आहे, पण तो पार्सलने येत नाही म्हणून कोणी घेत नाही.

पायरी दुसरी, हिशेब. क्लच किती टॉर्क पेलेल, हे चार गोष्टींवर ठरतं : प्रेशर प्लेट किती जोराने दाबते, लायनिंग किती पकड धरतं, प्लेटची त्रिज्या किती आणि घासणारे पृष्ठभाग किती. चारांचा गुणाकार, बस. जुनी १.३ डिझेल स्विफ्ट १९० न्यूटन मीटर टॉर्क देत असे. रिमॅपवाल्याने तो दोनशेतीसच्या घरात नेला म्हणता, तर क्लच दोनशेसाठ-सत्तर पेलणारा असला की पुरे. पाचशे पेलणारा कशाला? तर मित्राने घेतला म्हणून. या कारणाला पुढे कोणी प्रतिप्रश्न करत नाही, पण पेडल करतं.

चढावर ताकद कमी पडली तर काय करायचं, हे कर्जतमध्ये जन्मलेल्याला शिकवायला नको. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली, चढ सदतिसास एक. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात, मागे बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्यात प्रवासी वडापाव घेतात. क्लच कणखर केल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही, हे त्या फलाटावर उभं राहिलं की चटकन पटतं. क्लच फक्त आहे ती ताकद चाकापर्यंत पोचू देतो. तुमच्या गाडीला बँकर लागलाच तर त्याला क्रेन म्हणतात आणि ती पुढून लागते.

पायरी तिसरी, प्लेट. नवशिका इथेच वाहवत जातो, म्हणून जरा सावकाश वाचा. ऑरगॅनिक म्हणजे कंपनीच्या प्लेटसारखंच लायनिंग : मऊ धरतं, मऊ सोडतं, फार तापलं की मात्र हात टेकतं. त्याच जातीच्या प्लेटमागे जास्त दाबाची प्रेशर प्लेट लावली तर हलक्या रिमॅपचं काम भागतं, पेडल थोडं जड होतं एवढंच. केवलार टिकतो, पण त्याला नीट रुळवावं लागतं आणि एकदा भाजला की रुसतो. मग येतात सिरॅमिक बटणं. ही फार शूर वाटतात आणि उष्णता खरोखर सोसतात. गंमत अशी की आपल्या शेतावरच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत अशाच बटणांची प्लेट असते, त्यामुळे ज्याला तुम्ही रेसिंग म्हणता ते काकांच्या गोठ्यामागे गेली कित्येक वर्षं नांगरतंय. या प्लेटला अधलंमधलं काही कळत नाही. धरते नाहीतर सोडते. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेसमध्ये हा गुण. चार फाट्यावर समोर एसटी आणि मागे रिक्षा असताना गाडी दोन इंच पुढे घ्यायची वेळ आली की हाच दोष. गाडी एकतर उडी मारते, नाहीतर बंद पडते, आणि दोन्ही वेळा रिक्षावाला तुमच्याकडेच बघतो.

दोन प्लेटांचा क्लचही मिळतो. पृष्ठभाग दुप्पट, म्हणून पेडल फार जड न करता ताकद दुप्पट पेलतो. किंमतही त्याच दिशेने जाते. परवडत असेल तर तुम्हाला मार्गदर्शनाची गरज नाही.

प्लेटच्या मधोमध स्प्रिंगा आहेत का ते बघा. त्या झटके गिळतात. बिनस्प्रिंगची प्लेट हलकी असते, झटके मात्र गिअरबॉक्सला आणि तुमच्या कमरेला वाटून देते.

पायरी चौथी, फ्लायव्हील. हलकं फ्लायव्हील लावलं की इंजिन पटकन चढतं, पटकन उतरतं. घाटात चढावर गाडी उचलताना ते पटकन उतरतं, हे विक्रेता सांगत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते काढून सरळसोट एकसंध लावलं तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स चाळणीतल्या खड्यांसारखा वाजतो. आई विचारते, ‘अरे, गाडीत काहीतरी सुटलंय का?’ तिला ‘रेसिंग आहे’ असं सांगून बघा.

पायरी पाचवी, मिस्त्री. खोपोलीत आणि शिळफाट्याच्या आसपास घाटात दमलेल्या ट्रकांवर हात बसलेली माणसं आहेत. त्यांच्याकडे बाहेरून मागवलेला डबा घेऊन गेलात की संवाद ठरलेला असतो.

‘मामा, हा स्टेज थ्री आहे.’

‘असेल. बेअरिंग आणलंय का?’

बेअरिंग आणलेलं नसतं. गिअरबॉक्स एकदा खाली उतरवला की रिलीज बेअरिंग बदलायचंच, कारण ते महिन्याभराने ओरडलं तर तीच मजुरी पुन्हा. जड प्रेशर प्लेट त्या बेअरिंगवर रोज जास्त भार टाकते, म्हणून घाईने मिळालेलं स्वस्तातलं घेऊ नका. जुनं फ्लायव्हील ठेवणार असाल तर लेथवर फेसिंग करून घ्या. निळे डाग आणि केसासारख्या भेगा दिसल्या तर फेसिंगचा मोह सोडा, नवीन घ्या.

कायद्याचंही सांगतो, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीचा नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून परस्पर बदलता येत नाही. क्लच आत असतो, दिसत नाही. सायलेन्सर दिसतो, आणि त्याहून जास्त ऐकू येतो. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटात हलक्या गाड्यांना वेगमर्यादा ताशी ६०, वर कॅमेरे. एवढा वेग तर ओम्नीलाही जमतो.

पायरी सहावी, रुळवणं. पहिले सात-आठशे किलोमीटर गाडी साध्या माणसासारखी चालवा : गिअर बदलत, थांबत, निघत, कुठेही पूर्ण ताकद न लावता. नुसतं द्रुतगती मार्गावर पाचव्या गिअरमध्ये पळवून ते भरून निघत नाहीत, कारण तिथे क्लच वापरलाच जात नाही. कर्जत-नेरळ-कर्जत करा, सणासुदीला बाजारातून न्या. जुन्या घाटाने गेलात तर शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणं टाकायची चाल आहे, ती मोडू नका. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याला मानतात. नाणं टाकायला थांबाल तेव्हा हँडब्रेक मात्र ओढा.

सगळं झालं की चावी आईच्या हातात द्या आणि तिला भाजी आणायला पाठवा. ती वाटेत तीनदा गाडी बंद पडून, चावी टेबलावर आपटत परत आली, तर सिरॅमिक बसला आहे. एकदाही बंद न पडता भाजी घरी आली, तर आत ऑरगॅनिक आहे, आणि मिस्त्रीने बिलात काय लावलंय ते पुन्हा एकदा वाचून बघा.