यादी, खोपट डेपोतून
2023 संपताना मीही वर्षातल्या आवडत्या सिनेमांची यादी केली. खोपटच्या एसटी स्टँडवर, लाइट बिलाच्या पाठीमागे. पहिला 'वाळवी', जानेवारीत आला, तेव्हा रजा शिल्लक होत्या. दुसरा 'बाईपण भारी देवा'. तो सोसायटीतल्या चौदा जणींच्या पर्सा सांभाळत पाहिला, त्यात एकीचा फोन सारखा वाजत होता. तिसरा 'आत्मपॅम्फ्लेट'. पाहिला नाही. मराठीच्या वाट्याला शो आला सकाळी पावणेदहाचा, आणि तेव्हा मी मस्टरवर सही करत असतो. पण परेश मोकाशींनी लिहिलाय म्हटल्यावर आवडणारच की! बाकावरचे काका डोकावून म्हणाले, "न बघताच तिसरा?"

म्हटलं, "काका, बघायला मिळाला असता तर पहिला आला असता."