तोच हा देवदत्त : डिस्कच्या बारशाविषयी एक अल्पसा प्रबंध

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी पाचवा. धर्मशास्त्राने तो माणसाच्या अपत्याला सांगितला आहे. डेटाबेस सर्व्हरला जोडलेल्या डिस्कला तो लागू होतो की नाही, याविषयी सगळे स्मृतिकार मौन पाळून आहेत. ही उणीव भरून काढावी एवढाच प्रस्तुत लेखकाचा हेतू. विषय क्षुल्लक आहे हे मान्य. पण या क्षुल्लकापायी लेखकाच्या अनेक रात्री गेल्या आहेत, आणि त्यांचा हिशेब कुठेतरी मांडायला हवा.

आधी पूर्वपक्ष. लिनक्समध्ये बहुतेक उपकरणं ज्या डिरेक्टरीत नांदतात तिचं नाव रोमन लिपीत तीन अक्षरी. शुद्ध उच्चार ‘डेव्ह’. आमच्या खात्यात सरसकट ‘देव’ म्हणतात, आणि रात्री दोन वाजता तिच्याकडे पाहताना तोंडून दुसरा शब्द निघतही नाही. या देवात डिस्कला नाव मिळतं ते हजेरीच्या क्रमाने. पहिली सापडली ती एसडीए, दुसरी एसडीबी. २६वी एसडीझेड झाली की २७वी एसडीएए, आणि ७०३वी एसडीएएए. अक्षरं संपण्याची भीती नाही. संपतो तो माणूस.

यास्काच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांचा वाद आला आहे. सगळी नामं क्रियेपासून निघतात असं शाकटायनाचं मत; सगळी नव्हेत, असं गार्ग्याचं. एसडीबीने दोघांनाही घाम फोडला असता. यातलं ‘एसडी’ म्हणजे स्कझी डिस्क. पण साटाची डिस्क लावली तरी नाव तेच. आणि ‘बी’चा अर्थ इतकाच, की ही ‘ए’च्या मागून आली.

म्हणजे हे नाव नव्हेच, पंगतीतलं पान आहे. आज तिसऱ्या पानावर मधुमेहाचे काका बसले, म्हणून वाढप्याने ‘तिसरं पान, श्रीखंड नाही’ असं मनाशी कायमचं ठरवून टाकावं, तसा हा व्यवहार. उद्या काका पाचव्या पानावर बसणार आणि वाटीभर श्रीखंड चापणार. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, एखाद्या कंट्रोलरने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला, मधली जुनी डिस्क काढली किंवा कुणी यूएसबी ड्राइव्ह विसरून गेला, की सगळी पंगत एकेक पान सरकते.

लेखकाच्या हातून घडता घडता राहिलेला प्रकार इथे दृष्टान्त म्हणून देतो. एका कचेरीत ओरॅकलच्या सर्व्हरला नवी डिस्क जोडली होती. मशीन पुन्हा सुरू केलं. आदल्या दिवशीच्या कागदावर ‘नवी डिस्क : एसडीएफ’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. एफडिस्क या प्रोग्रामला विचारलं, तर डिस्कवर पार्टिशन टेबल नाही. म्हणजे कोरी. आज्ञा टाइप केली, एन्टरवर बोट ठेवलं, आणि शेजारचा पोरगेलासा सहकारी म्हणाला, “सर, नवी तर एसडीजी दिसतेय ना?”

बोट उचललं. एसडीएफवर कंपनीचा डेटाबेस होता.

ती कोरी का दिसली, याचं विवेचन आवश्यक आहे. ओरॅकलचं एएसएम हे प्रकरण डिस्क अख्खीच्या अख्खी ताब्यात घेतं. फाइल सिस्टिम नाही, माउंट नाही, आणि आमच्यासारखी सगळी डिस्क सरळ हवाली केली असेल तर पार्टिशनही नाही. एफडिस्कला ते पडीक रान वाटतं. रज्जुसर्पन्यायात दोरीला साप समजून माणूस घाबरतो. इथे सापाला दोरी समजून तो वाळत घालायला निघतो.

आता उत्तरपक्ष. वेदान्त्यांचं एक आवडतं उदाहरण आहे: तोच हा देवदत्त. पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला आणि आज समोर उभा असलेला माणूस एकच, हे देश आणि काळ वजा केल्याशिवाय कळत नाही. डिस्कचं तसंच आहे. काल एसडीएफ असलेली आणि आज एसडीजी असलेली एकच, हे ओळखायला जागा आणि वेळ वगळून उरेल असं काहीतरी हवं. ते असतं. स्टोरेजवरून आलेल्या डिस्कला स्वतःचा जागतिक क्रमांक असतो. स्कझी-आयडी नावाचा प्रोग्राम तो विचारून सांगतो. बहुधा ३३ अक्षरांचा ऐवज: पुढे एक ३, आणि मागे सोळाच्या पटीतल्या मोजणीतले ३२ अंक. तो ३ डिस्कचा नाही, स्कझी-आयडीने जोडलेला आहे. ओळख कोणत्या प्रकारची, हे तो सांगतो. त्याला गोत्र म्हणायला हरकत नाही. व्हीएमवेअरच्या आभासी सर्व्हरवर मात्र ‘डिस्क-एनेबल-यूयूआयडी’ ही एक ओळ घातली नसेल, तर डिस्कला गोत्रच सांगता येत नाही. विचारलं की गप्प.

गोत्रावरून व्यवहारातलं नाव ठेवण्याचं काम यूडेव्हचं. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्यावरचा निबंध २००३ साली ऑटवाच्या लिनक्स परिषदेत मांडला. एका ओळीचा नियम लिहायचा: गोत्र अमुक असेल, तर नाव तमुक, मालक ग्रिड, गट एएसएम-अ‍ॅडमिन, परवानगी ०६६०. यात दोन बरोबरची चिन्हं म्हणजे प्रश्न आणि एक म्हणजे आज्ञा. हा भेद न पाळणाऱ्याचा नियम चालत नाही, आणि तक्रार पडद्यावर न येता लॉगमध्ये कुठेतरी तळाशी जाऊन बसते. शिवाय एसडीएफ हे नाव पुसलं जात नाही. नवं नाव सिमलिंक म्हणून जोडलं जातं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं तरी माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात, तितपत.

स्टोरेजकडे जायला चार वाटा असतील, तर एकच डिस्क चारदा हजेरी लावते. दहा डिस्क, चाळीस नावं. मल्टिपाथ त्यांना एकत्र बांधून एमपाथए, एमपाथबी अशी नावं देतो. पण क्लस्टरच्या एका नोडवरची एमपाथए दुसऱ्या नोडवर एमपाथसी निघू शकते. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडे तेच टोपणनाव लिहून ठेवणं, आणि ते लिहिल्याचं लक्षात ठेवणं. दुसरा भाग अवघड.

इथवर आलेल्या वाचकाला आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी लेखकाला उशिरा कळली. एएसएमला या नावांची फारशी गरजच नसते. ते प्रत्येक डिस्कचं मस्तक, म्हणजे हेडर, वाचून आपली माणसं ओळखतं. डिस्क कोणत्या पानावर बसली आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. शोधायच्या जागेत डिस्क सापडावी आणि वाचण्या-लिहिण्याची परवानगी असावी, एवढंच त्याचं मागणं. ती परवानगी हाताने देऊन भागत नाही, कारण देव डिरेक्टरी मेमरीत असते आणि दर जन्मी नव्याने उभी राहते. मालकी पुन्हा रूटकडे. नियम लागतो तो यासाठी. नावाचा भाग निव्वळ आमच्यासाठी, एन्टरवर बोट ठेवून बसलेल्यांसाठी.

तरीही नाव काय ठेवायचं यावर आमच्याकडे तीन बैठका झाल्या. ‘डेटा१’ की ‘डेटा०१’, हा मुख्य वाद. शून्यवाद्यांचं म्हणणं, शून्य नसेल तर यादीत ‘डेटा१०’ हा ‘डेटा२’च्या आधी येतो. शून्यविरोधकांचं म्हणणं, आपल्याकडे दहा डिस्क होणारच नाहीत. दोन शून्यं हवीत असं म्हणणाऱ्या एकाला पुढच्या बैठकीला बोलावलं नाही. अखेर एका शून्यावर तडजोड झाली, नियम दोन्ही नोडवर चढले, मशीन तीनदा पुन्हा सुरू करून पाहिलं. पान सरकलं तरी नाव हललं नाही.

पुढच्याच महिन्यात रात्री डिस्क भरली. स्टोरेजवाल्यांना फोन लावून ठसक्यात सांगितलं, “डेटा०४ वाढवायची आहे.”

“ते काय असतं?” पलीकडून जांभई आली. “लन नंबर सांगा.”