टॉप मॉडेलचं दुखणं

माझ्या गाडीला साधं काही होणं शक्यच नाही, अशी माझी ठाम समजूत होती. गाडी जुनी आहे, बॉनेटचा रंग उडालाय, मागच्या दाराची काच अर्ध्यावर अडकते. पण ती टॉप मॉडेल आहे! ज्या काळी एबीएस म्हणजे काय हे शोरूममधल्या पोरांनाही धड सांगता येत नव्हतं, त्या काळी मी जादा पैसे मोजून ते घेतलं. पुढे एप्रिल 2019 पासून सरकारने प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं केलं आणि माझी सगळी शान एका अधिसूचनेत गेली. तरी मागच्या काचेवरची ती तीन अक्षरं मी अजून कुणाला खरवडू दिलेली नाहीत.

ब्रेकची बढाई मारायची जागा म्हणजे गाडीची पाठ, हे मला ट्रकवाल्यांनी शिकवलं. शिरोलीहून कागलकडे निघा. कुणाच्या पाठीवर 'पॉवर ब्रेक', कुणाच्या 'एअर ब्रेक', त्याखाली 'अंतर ठेवा' आणि शेजारी लिंबू-मिरची, म्हणजे ब्रेक लागलेच नाहीत तर पर्यायी व्यवस्था. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने 'हॉर्न ओके प्लीज'वर बंदी घातली, पण ब्रेकच्या फुशारकीला हात लावला नाही. वास्तविक ही फुशारकी फार विचित्र आहे. 'माझा ब्रेक जबरदस्त आहे' ही बातमी मागच्याला आनंदाची कशी असेल? मी जागच्या जागी थांबणार आणि तो माझ्या डिकीत येणार. त्यातून एबीएसचं मुख्य काम गाडी चटकन थांबवणं हे नव्हेच. चाकं अडकू न देणं, म्हणजे करकचून ब्रेक मारतानाही स्टिअरिंग ऐकत राहील, हे त्याचं काम. सुट्या खडीवर आणि मुरुमावर तर एबीएसची गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबते, कारण अडकलेलं चाक निदान पुढ्यात मातीचा ढीग तरी गोळा करतं. तेव्हा खरं म्हणजे माझ्या काचेवर 'मी वळू शकतो, तुम्ही तुमचं बघा' असं हवं. त्याखाली थोडा इतिहास घालायचीही माझी इच्छा होती: ही युक्ती आधी विमानांच्या चाकांसाठी निघाली, 1966 च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत ती यांत्रिक स्वरूपात आली, आणि 1978 मध्ये बॉशने तिला इलेक्ट्रॉनिक करून मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसवलं. एवढा मजकूर कुठल्याही रेडियमवाल्याला मान्य झाला नाही.

असो. तर रंकाळ्याच्या कडेने अगदी वीसच्या वेगात जाताना ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायला लागलं आणि खालून खर्रर्र असा आवाज यायला लागला. मला काळजीच्या आधी अभिमान वाटला. कोरडा रस्ता, मुंगीचा वेग, आणि तरी एबीएस कामाला लागतंय! "घाबरू नका, एबीएस आहे," असं मी शेजारी बसलेल्याला सांगायचो. तोवर तो घाबरलेला नसायचा.

मी फिजिक्स शिकवतो. त्यामुळे निदान मी बसल्या जागी केलं. प्रत्येक चाकापाशी एक दातेरी कडं फिरत असतं आणि त्याच्यासमोर एक चुंबकी सेन्सर. दाते पुढून गेले की सेन्सरमध्ये वीज चाळवते, आणि त्यावरून कॉम्प्युटरला चाकाचा वेग कळतो. चाक हळू फिरलं की ही वीज क्षीण होते. त्यात गंजामुळे कडं आणि सेन्सर यांच्यातली फट बदलली, तर फिरतं चाकही कॉम्प्युटरला थांबलेलं वाटतं आणि तो उगीचच ब्रेक सोडायला लागतो. आमच्याकडच्या पावसात गंजाला निमंत्रण लागत नाही. तर दुखणं सेन्सरचं, किंवा थेट कॉम्प्युटरचं. खरं सांगायचं तर ते कॉम्प्युटरचंच असावं असं मला आतून वाटत होतं. बायपास झालेल्या माणसाला चारचौघांत जो एक मान मिळतो, तो मला गाडीसाठी हवा होता.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, दोष नाही. गॅरेजवाला म्हणाला, "सोप्पं आहे. एबीएसचा फ्यूज काढतो, थरथर बंद. मग मीटरमध्ये पिवळा दिवा लागेल, त्याचा बल्बपण काढतो. गाडी एकदम मस्त." मी गाडी घेऊन बाहेर पडलो. टॉप मॉडेलचं बेसिक मॉडेल करायचे पैसे मी देणार नव्हतो.

मग उद्यमनगरातले मामा. मामांना मी चुंबकी सेन्सर समजावायला सुरुवात केली. त्यांनी हात पुसत पुसत अर्धं व्याख्यान ऐकलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही म्हणताय ते असंल. खरं गाडी काय म्हणतीया ते पण बगू."

मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी हळू चालवली आणि पायाचा ब्रेक न लावता, अंगठ्याने बटण दाबून धरत, हँडब्रेक अलगद वर ओढला. हँडब्रेकची केबल थेट मागच्या ड्रमना जाते. मध्ये ना ऑइल, ना एबीएस. ड्रम लंबगोल झाला असेल तर इथेही गाडी हिसके देणार. गाडीने हिसका दिला नाही. "ड्रम गोल हाय," मामा म्हणाले. इतकी सुंदर चाचणी मला सुचली नव्हती, म्हणून मी ती वहीत उतरवून घेतली.

नंतर त्यांनी एबीएसचा फ्यूज काढला आणि मुरुमावर ब्रेक मारला. थरथर गायब. "म्हणजे एबीएसच!" मी जवळजवळ टाळी वाजवली. मामा उतरून मागे चालत गेले आणि उकिडवे बसले. उजवीकडे टायरची नक्षी जशीच्या तशी उमटली होती. डावीकडे नुसता ओरखडा.

"डावं मागचं चाक आधीच धरतंय," मामा म्हणाले. "तुमचं एबीएस खोटं बोलत न्हवतं सर. ते चाक सोडवत हुतं बिचारं."

ड्रम काढल्यावर सगळं उघडं पडलं. व्हील सिलिंडरचं रबर फाटून ब्रेक ऑइल लायनरवर झिरपलं होतं. ऑइल प्यालेल्या लायनरचा भरवसा नसतो. कधी घसरतो, कधी चिकटतो. आमचा चिकटत होता. जरा पाय लागला की ते एक चाक जाम, आणि एबीएस ते पुन्हा पुन्हा मोकळं करायचं. तीच थरथर. सेन्सर ठणठणीत, कॉम्प्युटर ठणठणीत. दोष बोटाच्या पेराएवढ्या रबराचा. मी हिरमुसलो.

नवा सिलिंडर आला, लायनर दोन्ही बाजूंचे बदलले, आणि ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. गॅरेजातलं पोरगं जेवायला गेलेलं, तेव्हा मंडईत जायचं म्हणून सोबत आलेली आमची ही स्टिअरिंगवर बसली. "वैनी, दाबा. धरून ठिवा. आता सोडा." निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर लाइनमध्ये हवा परत शिरते, हे तिला मामांच्या एका वाक्यात कळलं. मी बाहेरून माहितीत भर घालत होतो, की हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट फोरचा उत्कलनबिंदू नवं असताना निदान 230 अंश हवा, पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तो 155 पर्यंत उतरलेला चालतो, आणि घाटात ब्रेक तापले की...

"अहो, तुम्ही बोलायला लागलात की माझा पाय सुटतो," ती म्हणाली. मग जरा थांबून, पेडल तसंच दाबून धरत तिने विचारलं, "परवा पावसात मी एकटी गगनबावड्याला जाऊन आले, तेव्हापण हे असंच होतं का हो?"

होतं. आणि त्या वेळी जर तो फ्यूज काढलेला असता, तर ओल्या वळणावर मागचं चाक अडकून गाडीची पाठ फिरायला काही वेळ लागला नसता. तिला ते कळलंही नसतं, कारण दिवा लागू नये याची सोय आधीच झालेली असती. बल्ब काढणाऱ्यांचा मला त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही. अशा गाड्या विकल्या जातात. घेणारा माणूस टॉप मॉडेल म्हणून घेतो, घरच्यांना बसवतो, घाटात नेतो. जुनी गाडी घेणार असाल तर एवढं करा: किल्ली फिरवली की एबीएसचा पिवळा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर दुरुस्ती निघेल. पण तो लागलाच नाही, तर गाडीबरोबर विकणाऱ्याकडेही नीट बघा.

आता गाडी नुसती थांबते. थरथर नाही, खर्रर्र नाही, शेजारच्याला सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. मामांनी बिल केलं: व्हील सिलिंडर, लायनर सेट, ब्रेक ऑइल, मजुरी. मी ते दोनदा वाचलं. टॉप मॉडेलच्या बिलात एबीएसचा उल्लेखसुद्धा नाही! मित्रांना दाखवायचं काय?

"मामा, यात 'एबीएस चेकिंग' असं काहीतरी लिहा की," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं, पेन उघडलं, आणि लिहिलं. त्यापुढे दोनशे रुपयेही लिहिले.