एकशे त्रेपन्न मासे

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सात शिष्य रात्रभर जाळं टाकतात आणि रिकाम्या हातांनी पहाट पाहतात. किनाऱ्यावरून येशू सांगतो, उजवीकडे टाका. जाळं भरतं. मासे निघतात १५३.

हा आकडा धर्मपंडितांना सोळाशे वर्षं पुरून उरला आहे. जेरोम म्हणाला, माशांच्या जातीच तेवढ्या. ऑगस्टीनने १ ते १७ अंकांची बेरीज करून बरोबर १५३ आणले. दहा आज्ञा आणि पवित्र आत्म्याची सात दानं मिळून सतरा!

कुंडलिकेच्या मुखाशी, कोर्लईच्या किनाऱ्यावर, हे सगळं मी एका कोळीणमावशींना ऐकवलं. पाटीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "मोजल्याबिगर वाटे कसे घालायचे?" पुढे शिष्य काठाला लागले तेव्हा निखाऱ्यावर आधीच मासा भाजत होता, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी मान वर केली. "तो कुनी आनला मंग?" भाष्यकारही इथेच अडखळतात, फक्त तळटिपा देऊन.

अशा प्रश्नांवर पोट भरणारी माणसं म्हणजे ईश्वरविद्येचे प्राध्यापक. आपल्याकडचं ठळक नाव जॉर्ज सोअरेस-प्रभू (१९२९–१९९५). जेझुइट, पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात 'नवा करार' शिकवणारे. त्यांचा १९७६ चा ग्रंथ मत्तयच्या शुभवर्तमानातल्या येशूच्या बालपणावर. मत्तयने त्यावर दोनच अध्याय खर्चले, त्यातल्या संदेष्ट्यांच्या वचनांवर प्राध्यापकांनी अख्खा ग्रंथ. पेशाला साजेसंच.

पण पुढे या विद्वानाचं लक्ष पंगतीकडे गेलं. येशू कुणाकुणासोबत जेवायला बसला आणि दलित ख्रिस्ती माणसाला त्याचं काय, यावर त्यांनी १९९२ मध्ये लिहिलं. ज्या देशात जात प्रार्थनामंदिराच्या पायऱ्याही चढून गेली, तिथे हा प्रश्न माशांच्या बेरजेपेक्षा मला फार मोलाचा वाटतो. बेरीज चुकली तरी कुणी उपाशी उठत नाही. त्यांचं 'द धर्म ऑफ जीजस' २००३ मध्ये, म्हणजे त्यांच्या माघारी आलं. प्राध्यापकांची पुस्तकं अशीच सवडीने निघतात.

१९९४ च्या लेखात त्यांनी मत्तयच्या शेवटी येशू शिष्यांना देतो ती आज्ञा आणि 'महावग्ग' या बौद्ध ग्रंथात बुद्ध भिक्खूंना देतो ती आज्ञा शेजारी ठेवून वाचल्या. परीक्षेला नक्की कुठला धर्म धरायचा, हे विद्यार्थ्यांनी त्यांना विचारलं असेल का?