उभ्या ट्रॉलीला दिवा लावा

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989. त्यातला नियम 109. हा नियम ज्यानं लिहिला त्याला एकदा रात्री अकरा वाजता सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतून फिरवून आणलं पाहिजे. नियम सांगतो की मोटार वाहनाला पुढं पांढरे किंवा पिवळसर आणि मागं लाल असे पार्किंगचे दिवे हवेत, आणि गाडी रस्त्यावर नुसती उभी असली तरी ते पेटते राहिले पाहिजेत. सुंदर नियम. वाचून डोळ्यांसमोर दिवाळी उभी राहते.

आता 1988 चा मोटार वाहन कायदा उघडा. कलम 2, पोटकलम 28. मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरही येतो. म्हणजे उसाची ट्रॉली आली. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, हॉर्न नाही, ब्रेक म्हणाल तर चाकाखाली सरकवलेला धोंडा, तरी ती मोटार वाहन. तेव्हा नियमाप्रमाणं तिनं रात्रभर दिवे लावून उभं राहायचं. करंट ट्रॅक्टरच्या बॅटरीतून यायचा, आणि ट्रॅक्टर तर पिन उपसून केव्हाच निघून गेला. ट्रॉलीनं आता स्वतःच्या हिमतीवर उजेड पाडावा अशी शासनाची अपेक्षा दिसते.

आणि ती उभी किती काळ असते? उसाचा हंगाम दिवाळीच्या आगंमागं सुरू होतो, मार्च-एप्रिलात आटपतो. साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी, जिकडं म्हणून धुराडी आहेत तिकडं तोपर्यंत ट्रॉल्यांच्या रांगा. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की ट्रॉल्या मोकळ्या. मग त्या घरी जातात असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही पुण्याचे असणार. आमच्याकडं दारात जनावरं, ट्रॅक्टर, कडब्याची गंज आणि भावकीची भिंत यांच्यात जी जागा उरते तिच्यात सायकल मावत नाही. ट्रॉली रस्त्याकडेला जाते. दांडा दगडावर टेकवायचा, चाकाला धोंडा लावायचा, दसऱ्यापर्यंत रामराम. कुणी ती पाटे बदलायला, पत्रा ठोकायला एमआयडीसीतल्या वेल्डिंगच्या शेडसमोर सोडतो. मिस्त्री म्हणतो आठवड्यात देतो. कोणत्या आठवड्यात, ते तो सांगत नाही.

पावसाळ्यात ट्रॉली हिरवी होते. तळाला मळी, माती आणि पाचट कुजलेलं, त्यावर गवत गुडघाभर. एका कोपऱ्यात पत्रा बसलेला असतो, तिथं पाणी साठतं. मग एके दिवशी आरोग्य खात्याचे दोघे येतात, टाचा उंचावून आत बघतात, डासांच्या अळ्या सापडल्या की औषध टाकतात आणि वहीत नोंद करतात. अख्ख्या वर्षात या मोटार वाहनाची झालेली तपासणी ती एवढीच. डेंग्यूच्या बाबतीत ती फिट असते.

बाकी तपासणीबद्दल कायदा काय म्हणतो? माल वाहणारं वाहन असेल तर कलम 56 प्रमाणं योग्यता प्रमाणपत्र हवं, म्हणजे आपलं पासिंग. नव्याला दोन वर्षं, पुढं आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरसाल. पण उसाची ट्रॉली माल वाहते की शेती करते, यावर विद्वानांचं एकमत नाही. नियमांनी शेतीच्या ट्रॅक्टरला बिगर-परिवहन म्हणून सोडलंय. ट्रॅक्टरला मागं ट्रेलर जोडला की ती जोडी मालवाहू होते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्ये एका कंपनीच्या खटल्यात म्हटलं. त्याआधी 2001 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं होतं की ट्रॅक्टरचं लायसन असलेल्यानं मागं ट्रॉली जोडली म्हणून तो बिनलायसनचा ठरत नाही. दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर असतील. फक्त विमा कंपनीचा वकील उभा राहिला की त्याला नेमका हवा तोच आठवतो. विम्याचा हप्ता ट्रॅक्टरचा भरलेला, धडक ट्रॉलीला बसलेली. मग दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं एकच प्रश्न चघळला जातो : ही ट्रॉली त्या ट्रॅक्टरची होती कशावरून?

प्रश्न वाजवी आहे. तो एका ट्रॉलीमालकाला विचारला.

“मालक, ट्रॉलीला नंबर दिसत नाही?”

“हाय की. ट्रॅक्टरला हाय.”

“आणि ट्रॅक्टर?”

“त्यो रोटर मारायला गेलाय कवलापूरला.” (कवलापूर म्हणजे जिथं विमानतळ होणार आहे. होईल तेव्हा.)

“मग हिचा नंबर?”

“हिला कशाला? ही काय पळून चाललीय?”

हसू नका. या माणसाला कायदा कळलाय. कलम 61 वाचा. ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांसारखीच स्वतंत्र व्हायला हवी, हे त्यात पहिलं. दुसरं, ट्रेलरचा नंबर ओढणाऱ्या गाडीच्या कुशीवर लिहायचा. तिसरं, ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवर, आणि ट्रेलर दोन असतील तर शेवटच्यावर लिहायचा. लग्नात नवरा-नवरी एकमेकांच्या गळ्यात हार घालतात, तशी ही नंबरांची अदलाबदल. हार घातलेले असेपर्यंत सगळं छान. पिन उपसली की ट्रॉली रस्त्याकडेला कुणाच्या तरी नावाचा हार घालून उभी. ज्याच्या नावाचा हार तो कवलापूरला, आणि आज त्याच्या मागं रोटर.

प्रत्यक्षात तेवढाही हार नसतो. फाळक्यावर काय लिहायचं हे पेंटर ठरवतो. ‘आई-बाबांची पुण्याई’ ठळक, ‘नाद करायचा नाय’ त्याहून ठळक, कारखान्यानं दिलेला वाहनाचा कोड पांढऱ्या रंगात हातभर. एवढं सगळं झाल्यावर एमएच 10 ला जागा उरत नाही. कारखान्याचा कोड मात्र कधी पुसट होत नाही. कारण त्या कोडवर वजन पडतं आणि वजनावर बिल निघतं. आरटीओच्या नंबरावर बिल निघत असतं तर सांगली जिल्ह्यातली प्रत्येक ट्रॉली दोन्ही बाजूंनी नंबर रंगवून फिरली असती, आणि पेंटरला सोन्याचा भाव आला असता.

मध्यंतरी राज्यभर उच्च सुरक्षा नंबरप्लेटचा घोष झाला. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना ती सक्तीची. दुचाकी आणि ट्रॅक्टर यांना एकच दर, 450 रुपये अधिक कर. मुदत जाहीर झाली, वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. एमआयडीसीतल्या कामगारांनी सुट्टी टाकून, मोबाइलवर तारीख मिळवून, जुन्या स्प्लेंडरला ती चकचकीत पाटी बसवून घेतली. रात्रपाळी सुटल्यावर तीच स्प्लेंडर अंधारात ज्या ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यावर जाऊन आदळते, तिला साधी खडूनं लिहिलेली पाटी नाही. पुढं कोण धडकलं हे आता होलोग्रामसकट कळतं. कशाला धडकलं ते पंचनाम्यात ‘अज्ञात’.

नियम 104 म्हणतो की ट्रेलरच्याही मागं दोन्ही बाजूंना एकेक लाल रिफ्लेक्टर हवा. याची अंमलबजावणी होते, हे मान्य केलं पाहिजे. वर्षातून एकदा होते. हंगामाच्या तोंडावर कार्यक्रम ठरतो, मंडप पडतो, नारळ फुटतो, पुढच्या दोन ट्रॉल्या धुऊन आणलेल्या असतात, साहेब वाकून रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवतात, फोटो निघतो. मागच्या ट्रॉल्या धुतलेल्या नसतात. मातीवर चिकटवलेली पट्टी मातीबरोबर पडते. पुढं एप्रिलात ट्रॉल्या रस्त्याकडेला येतात तेव्हा साहेबांचं बोट लागलेली पट्टी कुठल्या तरी उसाच्या फडात पाचटाखाली चमकत असते. सरी-वरंबे तरी सुरक्षित झाले.

तिकडं परदेशात काय आहे हे सांगायची आपल्याकडं रीत आहे, ती पाळतो. इंग्लंडात मोटारीमागं ओढायच्या कॅराव्हॅनला स्वतःची नोंदणी लागतच नाही. ओढणाऱ्या मोटारीचा नंबर मागं लावला की काम झालं. म्हणजे आमचा कवलापूरवाला लंडनला शोभला असता. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे वेगळे. पेनसिल्व्हेनियात 3000 पौंडांवरच्या ट्रेलरची दरवर्षी तपासणी. जर्मनीत ट्रेलरला स्वतःचा नंबर, स्वतःची तपासणी, आणि वर एक खास नियम : ओढणारी गाडी सोडून नुसता ट्रेलर सार्वजनिक रस्त्यावर सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त उभा करायचा नाही.

दोन आठवडे! किती ढिले लोक. आपल्या कायद्याचं कलम 127 बघा. सार्वजनिक जागी बेवारस किंवा लक्ष न देता सोडलेलं वाहन दहा तास उलटले की गणवेशातला पोलीस ते उचलून न्यायला सांगू शकतो, उचलण्याचा खर्च मालकाकडून. जर्मन माणसाला चौदा दिवस, कुपवाडकराला दहा तास. कडकपणात आपण जर्मनीला पार मागं टाकलंय. आता एवढंच, की दहा तास मोजायला कुणीतरी ट्रॉलीशेजारी घड्याळ घेऊन बसलं पाहिजे. आणि उचलायची कशानं? शहरातली उचलगाडी स्कूटरला धार्जिणी. सहा-सात टन ऊस वाहणारी ट्रॉली हलवायला ट्रॅक्टरच लागतो. ट्रॅक्टर कुठं आहे ते मघाशी सांगितलं.

महाराष्ट्र शासनाला उभ्या ट्रेलरची काळजी नाही असं मात्र म्हणता येणार नाही. 2021 मध्ये शासनानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात एका आसाची कॅराव्हॅन आहे, दोन आसांची आहे, घडीची आहे, तंबूचा ट्रेलर आहे, कॅम्पर ट्रेलर आहे. आत बिछाना, स्वयंपाकाची सोय, शौचालय, सोफा, टेबल. उभ्या करायला कॅराव्हॅन पार्क, तिथं रस्ता, पाणी, वीज. नोंदणी कुठं करायची, कुणाकडं करायची, सगळं लिहिलेलं. घर घेऊन हिंडणाऱ्या माणसाचा सरकारनं इतका बारकाईनं विचार केलेला बघून भरून आलं.

कारण घर घेऊन हिंडणारी माणसं आमच्याकडं दर दिवाळीला येतात. बीडकडून येतात, आमच्याच जतहून येतात. ट्रॉलीत खाली बाजरीची पोती, त्यावर कोपीचे, म्हणजे झोपडीचे, बांबू आणि ताडपत्री, त्यावर भांडी, पेटी, सायकल, दोन शेळ्या, आणि सगळ्यांच्या वर माणसं. म्हातारी दांड्याकडच्या बाजूला, कारण तिथं धक्का कमी. लहानगं पेंढीत रुतवून बसवलेलं. बाप फाळक्याला टेकून, हात मागं, कडी धरून. बीडकडच्यांचा असा तीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास. बिछाना आहे, चूल आहे, शेळीचं दूध आहे. धोरणातल्या सोयींपैकी फक्त सोफा, टेबल आणि शौचालय कमी पडलं. पैकी सोफ्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही.

मालाच्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे. ही मनाई जाताना कुणाला दिसत नाही. ट्रॉली घाटात उलटली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदम दिसते. मग चालकावर गुन्हा, मुकादमाचा फोन बंद, कारखाना म्हणतो वाहन ठेकेदाराचं, ठेकेदार म्हणतो वाहन मालकाचं, मालक कागद शोधतो आणि कागद ट्रॅक्टरचे निघतात. कॅराव्हॅनमध्ये झोपलेल्या पर्यटकाच्या विम्याचा विचार धोरणवाले करतील. पेंढीत झोपलेलं पोर मात्र कागदावर ना प्रवासी ना माल.

पुढच्या हंगामाआधी सगळ्या ट्रॉल्यांचं पासिंग करून घ्यायचं, असं एका मालकानं खरंच मनावर घेतलं. भला माणूस. पोरगं शिकलेलं, त्यानं मोबाइलवर कलमं वाचून काढली. योग्यता प्रमाणपत्र नसेल तर कलम 56 प्रमाणं वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. नोंदणी वैध नसताना वाहन रस्त्यावर काढलं तर कलम 192, पहिल्या वेळी दोन ते पाच हजार रुपये दंड. आणि तपासणीसाठी ट्रॉली तपासणीच्या जागी न्यावी लागते, रस्त्यावरून.

“म्हंजे न्यायच्या आधीच दंड?” मालक म्हणाले.

“तसंच दिसतंय आबा.”

“आन् हितंच उभी ऱ्हायली तर?”

पोरानं पुन्हा मोबाइल चाळला. “दिवा लावावा लागंल.”

आबांनी खिशातली बॅटरी काढून पोराच्या हातात दिली आणि ते जेवायला गेले.