डिकीतला मिक्सर

सिंहगड रस्त्यावर एका रात्री आमच्या गाडीनं एका अनोळखी गृहस्थाला बराच वेळ डोळे मारले. डिकीतला वूफर धप्प म्हणाला की हेडलाइट मिणमिणायचे, ठेका ओसरला की पुन्हा लख्ख. समोरून येणाऱ्या त्या भल्या माणसाला वाटलं, पुढे पोलीस उभे आहेत असं आम्ही खुणावतोय. त्यानं वेग कमी केला, घाईघाईनं पट्टा लावला आणि जाताना हात वर करून आभार मानले. मीही हात वर केला. दुसरं काय करणार?

वूफर भाच्याचा. तो इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आला तेव्हा एक बॅग, लोणच्याची बरणी आणि ही हौस सोबत घेऊन आला. गाडी माझी, हौस त्याची, पैसे माझ्या बहिणीचे. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ३००० वॉट लिहिलं होतं. ज्या दुकानात तो बसवला तिथं आम्हाला चहा मिळाला, डिकीत निळा दिवा लागला आणि अर्ध्या तासात काम झालं. वायरीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. स्पीकर बघायला चार जण वाकतात. वायर बघायला कोण वाकतो?

तिसऱ्या आठवड्यात बॅटरीनं मान टाकली. भाचा मित्रांना घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी इंजिन बंद करून ‘फक्त तीन-चार गाणी’ ऐकत बसला होता. सेल्फ मारला तर नुसतं टकटक. शेवटी गाडी उतारावर ढकलत नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चालू केली म्हणे.

आमच्या चौकातला इलेक्ट्रिशियन वयस्कर आणि मितभाषी आहे. अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतो. भाच्यानं मोठ्या अभिमानानं ते खोकं पुढे केलं. “खोकं राहू द्या. अँप दाखवा,” असं म्हणून तो डिकीत वाकला, अँपच्या कडेचे दोन फ्यूज नखानं उपसले आणि माझ्या तळहातावर ठेवले. पांढरट, पारदर्शक, प्रत्येकावर बारीक २५.

“पंचवीस न् पंचवीस?”

“पन्नास,” भाचा म्हणाला.

“तीन हजार वॉटला बारा व्होल्टवर अडीचशे अँपिअर पाहिजे. हा तर पन्नासच्या पुढे जळणार. मग खरं कोण? खोकं का फ्यूज?”

भाचा इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला एकदम तहान लागली.

हिशेब मी घरी येऊन केला. गाडी चालू असताना मिळतात १४ व्होल्ट; त्याला पन्नासनं गुणा, ७०० वॉट. त्यातले शे-दीडशे वॉट अँप तापण्यातच जायचे. थोडक्यात, तीन हजारांचा हा पैलवान आमच्या ओट्यावरच्या मिक्सरएवढा निघाला. तोही ७५० वॉटचा. फरक इतकाच की मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअरमध्ये निमूट चटणी वाटतो, आणि तेवढ्याच कामाला गाडीत पन्नासहून जास्त अँपिअर लागतात. व्होल्टेज कमी, म्हणून करंटचा लोंढा.

मी आठ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे. त्यामुळे वीज कळली नाही तरी पाणी कळतं. अल्टरनेटर म्हणजे कॉर्पोरेशनचं पाणी, बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. इंजिन बंद म्हणजे वरून पाणी बंद, मग चार गाण्यांत टाकीचा तळ दिसणारच. आमचा अल्टरनेटर ६५ अँपिअरचा, पण ते इंजिन पळत असताना; सिग्नलला उभं राहिलं की बराच कमी. त्यातून आधी हेडलाइट, एसीचा पंखा, पेट्रोलचा पंप, ठिणगी अशी घरातली माणसं जेवणार. वूफर हा न कळवता आलेला पाहुणा. बरं, बॅटरीवर ३५ अँपिअर-अवर लिहिलंय म्हणून खूश होऊ नये. तो आकडा वीस तास पावणेदोन अँपिअर सावकाश प्यायल्याचा आहे. पन्नासनं ओरपायला लागलात तर तेवढं पाणी टाकीत नसतंच.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियननं मीटर काढला. गाणं लावून ठोक्याबरोबर बॉनेटमध्ये बॅटरीवर मोजलं: १३.२. मग डिकीत अँपच्या टोकांवर मोजलं: ११.४. मी विचारलं, मधले १.८ व्होल्ट कुठं गेले? तो म्हणाला, “वाटेत खाल्ले.” सोसायटीच्या दुरुस्ती निधीचा अनुभव असल्यामुळे हे मला लगेच पटलं.

वाट मग उलगडली. बोटाएवढी जाड दिसणारी लाल वायर त्यानं ब्लेडनं सोलली. जाडी सगळी प्लास्टिकची; आत जेमतेम काडीएवढी तार. ती नखानं खरवडली तर तांबूस मुलाम्याखालून पांढरं ॲल्युमिनियम डोकावलं. दुसरी वायर, म्हणजे अर्थ, डिकीच्या पत्र्यावर रंगाच्या वरूनच कसली होती. “रंगातून करंट जातो होय?” असं स्वतःशीच पुटपुटत त्यानं पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली आणि पत्रा चकचकीत झाल्यावरच बोल्ट आवळला.

भाच्याला मात्र एक फॅरडचा कपॅसिटर घ्यायचा होता, निळे आकडे दाखवणारा. मी पुन्हा कागद घेतला. १४ व्होल्टवर त्यात ९८ ज्यूल मावतात. ७०० वॉटला ते पुरणार सेकंदाचा सातवा भाग. म्हणजे मोरीतला तांब्या. टाकीत पाणी नसताना मोठा तांब्या आणून कुणाची आंघोळ झाली आहे? शिवाय तांब्या भरायचा तो त्याच नळातून.

गाडीत गाणं पाहिजे आणि त्याला वीज पुरत नाही, हे दुखणं जुनंच. शिकागोच्या पॉल गॅल्विननं १९३० साली मोटारीतला रेडिओ विकायला काढला आणि त्याला मोटोरोला नाव दिलं; तेव्हाच्या रेडिओतल्या नळ्यांना गाडीच्या बॅटरीवर भागत नसे, जास्त व्होल्टच्या बॅटऱ्या वेगळ्या बाळगाव्या लागत. आमच्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर जातात आणि मागून एक जनरेटर धूर सोडत रखडत चालतो. त्याच्यासमोर कुणी नाचत नाही, पण त्या सगळ्या लवाजम्यात आपल्याला किती लागतं हे उघड कबूल करणारा तो एकटाच.

शेवटी अस्सल तांब्याची १६ चौरस मिलिमीटरची वायर पडली. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ६० चा फ्यूज बसला. मला वाटे फ्यूज अँपच्या रक्षणाला असतो. “वायरीच्या,” म्हातारा म्हणाला. वायर कुठं पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतणार, आणि ती वायर आपल्या सीटखालून जाते. अल्टरनेटर ते बॅटरी आणि इंजिन ते बॉडी या जोडण्याही त्यानं जाड केल्या. पुन्हा मीटर लावला तेव्हा मधला फरक ०.३ वर आला होता. हेडलाइटनी डोळे मारणं जवळजवळ सोडलं. सिग्नलला एसी चालू असला तर एखादी पापणी लवायची, तेवढंच.

“मामा, आता याच्या दुप्पट अँप घेतला तर?” भाच्यानं विचारलं. मी त्याचंच पुस्तक त्याच्यापुढे उघडं ठेवलं. दुप्पट वॉटनं आवाज वाढतो तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट लागते. त्यानं पुस्तक वाचलं. हे त्या वर्षातलं पहिलं वाचन असावं.

गेल्या जूनमध्ये त्याला बेंगळुरूला नोकरी लागली. अँप, वूफर, निळा दिवा सगळं घेऊन गेला. वायर तेवढी राहिली. डावीकडच्या मॅटखाली तिचा उंचवटा पायाला लागतो, बायको दर वेळी विचारते, “हे काय आहे?” डिकीकडच्या टोकाला टेप गुंडाळली आहे, फ्यूज काढून मी डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. रेडिओ कंपनीनं दिलेलाच, त्याचा फ्यूज दहाचा. सिंहगड रस्त्यावर आता कुणी हात वर करत नाही.