आरतीकाका

गणपतीत प्रत्येक मराठी घराला एक आरतीकाका लागतो. एरवी हा माणूस निरुपद्रवी. बँकेतून निवृत्त, शब्दकोडं पेनाने सोडवणारा. पण भाद्रपद शुद्ध चतुर्थी उजाडली, की घराचा ताबा त्याच्याकडे.

आमचे आरतीकाका सोवळं सावरत पहिल्यांदा झांजा वाटतात, त्याही गुणवत्तेनुसार. तालात पक्का त्याला झांज, कच्चा त्याला घंटा. घंटाही न झेपणाऱ्या जावयाला कापूर पेटवायचं काम. कोणी आरतीसंग्रहाची हळदीकुंकवाने चिकटलेली पुस्तिका उघडली, तर काका म्हणतात, "पुस्तकात बघून आरती म्हणणं म्हणजे चिठ्ठी काढून स्वतःचं नाव सांगणं!"

मग सुरुवात. शेवटच्या कडव्यात रामदासांची सही असलेली ती गणपतीची आरती महाराष्ट्रात शाळेच्या आधी पाठ होते आणि म्हणूनच चुकीची पाठ होते. काकांचे कान तिथेच टवकारलेले. "संकष्टी नाही, संकटी! संकष्टी चतुर्थी असते." "ओटी नव्हे रे, उटी! ओटी देवीची भरतात. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप." हे सगळं झांज न थांबवता.

समोरच्या मंडळाचा स्पीकर मध्ये घुसला, तर काका खिडकी लावतात. "टिळकांनी १८९३ साली सार्वजनिक गणपतीचा कैवार घेतला तो लोकांनी एकत्र यावं म्हणून, आमच्या शंकराच्या आरतीत घुसावं म्हणून नव्हे!" अमेरिकेतला पुतण्या व्हिडिओ कॉलवर असतो. त्याची आरती अर्धी ओळ मागून येते. काकांनी त्याला श्रद्धेची सूट दिली आहे आणि आवाज बंद ठेवला आहे.

शंकर, देवी करत विठ्ठल येतो आणि 'निढळावरी' या शब्दाशी दमाची कुस्ती लागते. निढळ म्हणजे कपाळ, हे कोणालाच ठाऊक नसतं. तो शब्द सोडायचा नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कॉलेजातली पोरं लाल होऊन खोकतात. काका डोळे मिटून खेचतच राहतात. काकू त्यांच्या रक्तदाबाची गोळी शोधायला उठतात.

दत्ताची आरती झाली, की स्वयंपाकघरातून मोदकांचा वास येतो आणि 'घालीन लोटांगण'चा वेग आपोआप दुप्पट होतो. तेवढ्यात काकांचा हात वर. "ही एक रचना नाही, माहितीये? पहिलं कडवं नामदेवांचं. पुढे भागवताच्या अकराव्या स्कंधातला श्लोक, मग आद्य शंकराचार्यांच्या नावावरचं अच्युताष्टक, शेवटी उपनिषदातला मंत्र. कोणी कुठे जोडलं..." "मीच जोडते हात," काकू म्हणतात. "मोदक गार होतायत."

या घरात काकांनी एकाच माणसाची चूक कधी काढली नाही. आजीची. आजी शेवटपर्यंत ठणठणीत आवाजात 'ओटी'च म्हणायची. त्या शब्दाला काका नेमके निरांजनाची वात पुढे सारायला वाकायचे.

आजी गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पहिलीच आरती, पहिलंच कडवं. तो शब्द आला आणि काका खणखणीत 'ओटी' म्हणाले. सगळ्यांच्या झांजा अडखळल्या. काकांची नाही.

आरती संपल्यावर धाकट्या नातीने त्यांचं उपरणं ओढलं. "आजोबा, तुम्हीच चुकलात! उटी ना?"

"उटीच," काका म्हणाले. "परीक्षेत उटी लिहायचं. घरात ओटी म्हणायचं."

आणि तिच्या हातातली घंटा काढून घेऊन त्यांनी तिला झांज दिली.